बाळ सांभाळणाऱ्या मावशीचा पगार: आधी तास बांधा, मग आकडा बोला

खान्देशात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, ठेवायचा तर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बोली होते. साल किती, धान्य किती, उचल किती, खाडे पडले तर काय, हे सगळं आधी बोलून घेतात आणि मग माणूस कामाला लागतो. पण आठ महिन्यांचं लेकरू जिच्या कडेवर देऊन आपण दिवसभर बाहेर राहणार, तिची बोली मात्र फाटकात उभ्या-उभ्या उरकली जाते. "मावशी, किती घ्याल?" "द्या ताई, तुम्हाला वाटेल ते." मग तीन महिन्यांनी एका सोमवारी मावशी येत नाही, आणि आपण गल्लीभर विचारत फिरतो.

त्या सोमवारचं कारण शोधलं तर पगाराचा आकडा लहान होता असं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा तास सैल सोडलेले असतात. पाच म्हणता म्हणता सात वाजतात, मामाकडे गेलात की त्या दिवसांचे पैसे कापले जातात, बाळ झोपलंय तोवर चार पोळ्या लाटून टाका हे सुरू होतं. म्हणून "पूर्णवेळ बाईला किती देतात?" या प्रश्नाला जळगावच्या रिंग रोडला, धुळ्याच्या देवपुरात किंवा शहाद्यात कोणीही सांगितलेला आकडा तुमच्या कामाचा नसतो. तो किती तासांचा आहे हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

तास मोजायचे कुठून कुठे

मावशी दारात येते तिथून मोजायला सुरुवात करा. बाळ पुन्हा घरच्या माणसाच्या हातात गेलं की मोजणी संपली. तुमच्या ड्युटीचे तास हे तिचे तास नव्हेत. जळगावात राहून पाचोऱ्याला अपडाऊन करणारी शिक्षिका शाळेचे तास सांगते, पण घराबाहेर असते त्याहून बरीच जास्त. शिवाय सकाळचा पाव तास रात्री बाळ कसं झोपलं, औषध कधी द्यायचं हे सांगण्यात जातो आणि संध्याकाळचा पाव तास हातपाय धुऊन बाळ घेण्यात. हे दोन्ही पाव तास मोजणीत धरायचे.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. निघायची वेळ साडेनऊ, परतायची साडेपाच. मावशी सव्वानऊला येणार, पावणेसहाला जाणार: साडेआठ तास. सोमवार ते शुक्रवार मिळून साडेबेचाळीस. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून सव्वासात ते पावणेबारा, साडेचार तास. आठवड्याचे झाले ४७.

आता महिना. इथे जवळजवळ प्रत्येक घर चुकतं. ४७ गुणिले ४ करून १८८ तास धरतात. पण वर्षाला आठवडे ५२ असतात आणि चाराने बारा महिने केले की भरतात ४८. उरलेले चार आठवडे, म्हणजे वर्षाचे पुन्हा १८८ तास, मावशी फुकट काम करते आणि दोन्ही बाजूंना पत्ता नसतो. बरोबर हिशेब असा: ४७ गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे महिन्याला २०४ तास. लक्षात ठेवायला सोपं म्हणून आठवड्याच्या तासांना ४.३३ ने गुणा.

पाळीच्या नोकरीत, म्हणजे भुसावळचे रेल्वेवाले, दीपनगरच्या वीज केंद्रातले, दवाखान्यातल्या सिस्टर, यांचे तास दर आठवड्याला फिरतात. तिथे पाळ्यांचं एक पूर्ण चक्र कागदावर मांडायचं, त्याची आठवड्याची सरासरी काढायची आणि पगार त्या सरासरीवर बांधायचा. पुढच्या आठवड्याची पाळी शुक्रवार संध्याकाळपर्यंत मावशीला कळली पाहिजे. रविवारी रात्री दहाला फोन करून "उद्या दुपारची आहे हो" म्हणायची सवय असलेल्या घरात कोणतीही मावशी टिकत नाही, कारण तिच्या घरी पण चूल आहे.

तासाचा दर

दराला आधी जोतं हवं. रोजगार हमी योजनेची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ सालासाठी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागलं की तासाला ३९. माती उचलायच्या अकुशल कामाला सरकार जे देतं त्याच्या खाली बाळाचं काम जाऊ नये, एवढंच हे जोतं सांगतं. न्याय्य दर त्याच्या वर सुरू होतो.

वर किती, हे तिच्यापुढे दुसरं काय काम आहे यावर ठरतं. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू झाली की किलोवर पैसे मिळतात, आणि जिचा हात चालतो ती बाई त्या दिवसांत बाळाच्या पगारापेक्षा जास्त घरी नेते. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागांचं काम असतं. शहरात धुणीभांडी असतात, त्यात एक-एक घर तासाभरात उरकतं. म्हणून दर ठरवायच्या आधी आपल्याच भागातल्या दोन-तीन बायकांना निंदणीचा आजचा रोज आणि एका घराच्या भांड्यांचे पैसे विचारा. तो रोज ३१२ च्या वर निघाला तर जोतं तिथपर्यंत उचला. नाहीतर तुम्ही ठेवलेली मावशी वेचणीपुरती गायब होईल आणि तिला दोष देता येणार नाही.

त्यावर बाळाच्या वयाचे पैसे. आमचा ठोकताळा असा: वर्षाच्या आतलं बाळ असेल तर २५ टक्के वर, एक ते तीन वर्षांचं असेल तर १५ टक्के. लहान बाळाला जास्त का, असं विचारतात, कारण ते "झोपूनच तर असतं". पण बाटल्या उकळणं, दर दोन-तीन तासांनी दूध, ढेकर काढणं, लंगोट, आणि झोपेतही दर थोड्या वेळाने श्वास चालू आहे ना हे बघणं, यात मावशीला पाठ टेकता येत नाही. दुसरं मूल असेल तर दर दुप्पट होत नाही. ४० टक्के वाढवा. शाळेतून आलेल्या मोठ्या मुलाला तीन तास बघायचं काम सोपं असलं तरी त्याचा तासाचा दर उलट चढा ठेवावा लागतो. तीन तासांसाठी तिची अख्खी दुपार मोडते.

आपल्या उदाहरणात बाळ आठ महिन्यांचं. ३९ वर २५ टक्के म्हणजे पावणेएकोणपन्नास, धरा ५० रुपये तास. २०४ तासांचे १०,२०० रुपये.

आकडा ऐकून डोळे पांढरे होतात, हे माहीत आहे. पण परवडत नसेल तर दर पाडू नका, तास कमी करा. समजा घरातून ८,००० च निघतात. ५० ने भागले की महिन्याला १६० तास, आठवड्याला ३७. म्हणजे ४७ मधले दहा तास घरातच भागवायचे. शनिवारचे साडेचार बाबाने किंवा आजीने घ्यायचे, उरलेले साडेपाच रोज तासभर आधी शेजारच्या काकूंकडे किंवा आत्याकडे. हे जमतं की नाही ते घरात बसून आधी ठरवा. न जमताच ८,००० ठरवले तर ते दहा तास मावशीच्याच अंगावर पडतात.

दुसरा मार्ग आमच्या मते सगळ्यात चांगला आणि तरी फार कमी जण वापरतात: एका कॉलनीतल्या दोन घरांनी मिळून एक मावशी. दोन बाळांचा दर ४० टक्के वाढून ७० रुपये तास, २०४ तासांचे १४,२८०. प्रत्येक घराला ७,१४० पडतात, मावशीला एकाच दारात चांगला पगार मिळतो. बिघडतं ते इथे: कोणाच्या घरी सांभाळायचं हे ठरलेलं नसतं, आणि एका बाळाला ताप आला की दुसरीकडची आई वैतागते. महिना-महिना घर बदला, ताप-जुलाब असलेलं बाळ त्या दिवशी आपल्या घरीच ठेवा, आणि एक घर मध्येच बाहेर पडलं तर दुसऱ्याने महिनाभर एकट्याचा पूर्ण दर देऊन मावशीला सांभाळून घ्या.

कमीत कमी तास म्हणजे काय

यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही लागतात.

पहिली, एका खेपेची. लग्नाला जायचंय, डॉक्टरकडे जायचंय, दोन तास बाळ बघा. दोन तासांचे ५० ने शंभर रुपये. मावशीची रिक्षा येण्याजाण्याची चाळीस, आणि वाटेत पाऊण-पाऊण तास. म्हणजे साडेतीन तास मोडून हातात साठ, तासाला सतरा रुपये. म्हणून सुट्या खेपेला किमान तीन तासांचे पैसे, दर साठ, रिक्षा वेगळी: १८० अधिक ४०. तासाभरात परत आलात तरी १८० च. रात्री आठनंतर सोडणार असाल तर घरापर्यंत पोहोचवणं तुमच्याकडे. लग्नसराईत एकाच दिवशी दहा घरं बोलावतात, तेव्हा आदल्या दिवशी रद्द केलंत तर निम्मे आणि त्याच दिवशी रद्द केलंत तर पूर्ण तीन तासांचे द्यायचे. तिने तुमच्यासाठी दुसरीकडे नाही म्हटलेलं असतं.

दुसरी, आठवड्याची. अर्धवेळ मावशीला आठवड्याला निदान १५ तास बांधून द्या. पाच दिवस, रोज तीन तास. त्याहून कमी असेल तर "माझीच मावशी" असं धरून चालू नका. ती दुसरं घर घेईल आणि तिने घ्यावंच. बांधलेले तास म्हणजे वापरा किंवा न वापरा, पैसे लागू. तुमची शाळा लवकर सुटली आणि मावशीला तीनला घरी पाठवलंत, तरी दिवस पूर्ण. त्या वाचलेल्या तासांचा "साठा" करून पुढच्या रविवारी बोलावून घेणारी घरं आहेत. तसं करू नये. ठरलेल्या वेळी ती तुमच्यासाठी मोकळी होती, तो माल विकला गेला.

तोडून दिलेली ड्युटी हा याच जातीचा प्रश्न. सकाळी नऊ ते बारा आणि पुन्हा चार ते सात, मधे घरी जा. कागदावर सहा तास. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो, आणि बाराच्या उन्हात घरी जाऊन साडेतीनला परत यायचं म्हणजे बाईचा दिवस दहा तासांचा होतो आणि डोकं तापतं ते वेगळं. मधल्या चार तासांत तिला कूलरखाली बसू द्या आणि त्या वेळेचा निम्मा दर द्या: २५ गुणिले ४, शंभर रुपये. नकोसं वाटत असेल तर वेळाच सलग करा.

मे महिना आणि सण

तिसरी गोष्ट वर्षाची, आणि सगळी भांडणं इथेच. शिक्षकांच्या घरी उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई घरी असते, मावशी नको असते. पगार थांबतो. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी फोन केला की कळतं, मावशी दुसरीकडे लागली. मग नव्या बाईला बाळ रुळेपर्यंत रडून घर डोक्यावर घेतं आणि तुमच्या रजा जातात.

नियम सोपा ठेवा: सुट्टी कोणामुळे पडली ते बघा. तुमच्यामुळे पडली तर पहिले दहा दिवस पूर्ण पगार, त्यापुढे निम्मा. निम्म्या पगाराच्या काळात तिला दुसरीकडे रोजाने जायची मोकळीक द्या आणि परत यायची तारीख आधीच सांगा. आपल्या उदाहरणात पूर्ण महिना निम्म्याने दिला तर ५,१०० रुपये जातात. बाळाला ओळखीचा माणूस टिकवून ठेवायची ती किंमत आहे, आणि ती स्वस्त आहे.

तिच्यामुळे पडली तर रविवारशिवाय महिन्याला एक भरपगारी रजा, न घेतल्यास पुढे जमा. ताप, खोकला, जुलाब असेल तर तिने यायचंच नाही आणि वर्षातले असे सात दिवस कापायचे नाहीत. पैसे कापले की बाई ताप लपवून येते आणि ताप बाळाला देऊन जाते.

सणांची यादी तुमच्या मनाने करू नका, तिला विचारा. आखाजीला तिच्या लेकी माहेरी येतात, दोन दिवस तरी लागतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खान्देशची देवी, बसते. रविवार तसाही सुट्टीचा, पण नैवेद्याच्या रोटांची गडबड आणि सोमवारचं विसर्जन आहे, तो सोमवार द्या. शहादा, तळोदा, धडगाव भागातली भिल्ल किंवा पावरा मावशी असेल तर तिचा मोठा सण होळी. दिवाळीचे चार दिवस देऊन होळीला बोलावलंत तर ती येणार नाही, आणि होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजाराचे दिवस आधीच विचारून ठेवा. मुस्लिम मावशीला दोन्ही ईद. एकूण आठ दिवस भरपगारी, कोणते ते तिने सांगायचं, महिनाभर आधी.

त्यावर खाडे झाले तर कापायला हरकत नाही, पण हिशेब एकच ठेवा. कापताना २६ ने भागून दिवसाचे ३९२ कापायचे आणि जादा दिवसाचे देताना ३० ने भागून ३४० द्यायचे, हा खेळ फार चालतो. तासानेच मोजा. सोम ते शुक्रचा दिवस साडेआठ गुणिले ५० म्हणजे ४२५, शनिवार २२५. कापणं त्याच दराने, देणं त्याच दराने.

गाडी लेट झाली तर

अपडाऊनवाल्यांच्या घरात तास फुटतात ते इथे. १९४८ च्या कारखाना कायद्याची मोजपट्टी दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास अशी होती आणि त्यावर दुप्पट दर. घराला तो कायदा लागू नव्हता, पण मोजपट्टी चांगली आहे. ठरलेली वेळ पावणेसहा. तिथून सव्वासहापर्यंत अर्ध्या तासाला साधे २५, सव्वासहाला नऊ तास भरतात, पुढच्या प्रत्येक सुरू झालेल्या अर्ध्या तासाला ५०. गाडी रखडून सात-वीसला घरी पोहोचलात: २५ अधिक तीन अर्ध्या तासांचे १५०, एकूण १७५ रुपये. त्या रात्रीच लिहून ठेवा.

लिहायला नवी वही लागत नाही. स्वयंपाकघरात लटकणाऱ्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात आल्याची आणि गेल्याची वेळ मावशीनेच पेनाने टाकायची: ९.१५, ७.२०, खाली छोटं +१७५. दूधवाल्याचे लिटर शेजारच्या कोपऱ्यात राहू द्या, अडचण होत नाही. महिनाअखेर दोघींनी मिळून बेरीज करायची. तिला लिहिता येत नसेल तर घड्याळ दाखवून तुम्ही लिहा आणि मोठ्याने वाचून दाखवा. व्हॉट्सॲपवर "निघते" आणि "आले" असे दोन निरोप टाकले तरी वेळेची नोंद राहते.

बाळाचं काम कोणतं, घरचं कोणतं

बाळाचं खाणं, दूध, अंघोळ, लंगोट, बाळाचे कपडे धुणं, बाटल्या उकळणं, खेळणी उचलणं, बाळ जिथे बसतं ती जागा पुसणं, हे पगारात. घरचा केर, सगळ्यांची भांडी, सासू-सासऱ्यांचं जेवण, बोअरच्या पाण्याची मोटर चालू करून टाकी भरणं पगारात नाही. "बाळ झोपलं की रिकामीच तर असते," हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं तिथे एक दिवस बाळ पलंगावरून पडतं, कारण मावशी गॅलरीत गव्हाच्या कुरडया उन्हात टाकत असते.

पोळ्या हव्याच असतील तर त्याचे पैसे वेगळे आणि त्या वेळी बाळ दुसऱ्या कोणाकडे. भांड्यांचं किंवा पोळ्यांचं जे गल्लीत चालतं तेच द्या, बाळाच्या पगारात मिसळू नका. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरणं बाळासाठीच आहे, ते मोजू नका. पण लाईट गेली की काय करायचं हे सांगून ठेवा: कोणत्या खोलीत जायचं, ओला पंचा कुठे आहे, जीवनरक्षक क्षारांची (ओआरएसची) पुडी एक लिटर पाण्यात घालायची म्हणजे किती तांबे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नसतं, फक्त दूध. हे आजीलाही सांगावं लागतं.

मालिश आणि शेकशेगडीची बाई हा वेगळा धंदा आहे. ती सव्वा महिना येते, दीड-दोन तासांत बाळ-बाळंतीण दोघांचं करून जाते आणि रोजावर घेते. तिचा रोज पाहून मावशीचा तास ठरवू नका, किंवा उलटही.

रात्रीचं थोडक्यात: रात्रपाळीला मावशी थांबणार असेल तर किमान दहा तासांची खेप, झोपेच्या तासांना निम्मा दर, बाळासाठी उठावं लागलं तो तास पूर्ण. झोपायला अंथरूण आणि आतून कडी लागणारी खोली. चोवीस तास राहणारी बाई ठेवायची असेल तर आठवड्यातून सलग २४ तास पूर्ण मोकळे, आणि दिवसाला आठ तासांची अखंड विश्रांती. एवढं जमत नसेल तर दोन बायका ठेवा.

लहान पोरगी ठेवू नका. "शिकवतो, जेवूखाऊ घालतो" म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून मुली आणायची रीत अजून पूर्ण गेलेली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणं १० ऑक्टोबर २००६ पासून बंद आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर घरच्या धंद्यातली मदत आणि कलाकाराचं काम सोडलं तर चौदाखालच्या मुलाला कोणत्याच कामावर ठेवता येत नाही. बाळाच्या कामाला आमच्या मते अठराच्या आत कोणीच नको. घशात काही अडकलं तर काय करायचं हे सोळा वर्षांच्या मुलीवर टाकू नये.

चिठ्ठी

सुरुवातीचे तीन दिवस आईने घरात राहून, पूर्ण पैसे देऊन बघा. आधार कार्डाची प्रत, तिच्या घरच्या दोन माणसांचे नंबर घ्या, पोलीस ठाण्यात नोंद करा, आणि तुमचे नंबर तिला द्या. मग एका पानावर एवढं लिहा:

"सोम ते शुक्र सकाळी ९.१५ ते सायंकाळी ५.४५, शनिवार ७.१५ ते ११.४५. आठवड्याचे ४७ तास, वापरले नाहीत तरी पूर्ण पैसे. दर तासाला ५० रुपये, महिन्याला १०,२०० रुपये, ५ तारखेच्या आत. ९ तासांवर १०० रुपये तास. रविवार सुट्टी, महिन्याला एक रजा, आजारपणाचे ७ दिवस, सणाचे ८ दिवस भरपगारी. आम्ही सुट्टीवर गेलो तर १० दिवस पूर्ण, पुढे निम्मा. काम फक्त बाळाचं. चहा-नाश्ता आणि दुपारचं जेवण घरचं, त्याचे पैसे कापणार नाही. पगारवाढ आखाजीला. सोडायचं किंवा सोडवायचं तर एक महिना आधी सांगणे."

दोन प्रती, दोन्हींवर दोघींच्या सह्या किंवा अंगठा. स्टॅम्प पेपर लागत नाही, वकील लागत नाही. सासूबाईंना मात्र वाचून दाखवा. दिवसा घरात त्याच असतात आणि भांडीही त्याच सांगतात.

पगार शक्यतो तिच्या स्वतःच्या खात्यावर. नवऱ्याच्या नंबरवर पाठवा असं ती म्हणाली तर एकदा एकटीला विचारा. रोख दिलेत तर कॅलेंडरवरच सही. पहिला पगार "अनामत" म्हणून अडकवून ठेवणं, फुटलेल्या काचेच्या बाटलीचे पैसे कापणं, या दोन्ही गोष्टींनी माणसं गमावली जातात. उचल द्यावी लागतेच, लेकीचं लग्न असतं, दवाखाना असतो. एक महिन्याच्या पगाराएवढी द्या, बिनव्याजी, आणि महिन्याला एक-दशांशापेक्षा जास्त कापू नका. १०,२०० ची उचल दहा महिन्यांत फिटते, हजार-वीस रुपयांनी. त्याहून मोठी उचल दिली की काम सुटलं तरी ती सुटू शकत नाही, आणि तशी अडकलेली बाई बाळाजवळ नको.

दिवाळीला एक पगार. साडी वरून, पगाराऐवजी साडी नव्हे. वाढ आखाजीला, निदान १० टक्के, आणि रोजगार हमीचा नवा दर आला की जोतं पुन्हा तपासायचं. बाळ वर्षाचं झालं म्हणून दर २५ वरून १५ टक्क्यांवर आणून पगार खाली उतरवू नका. त्या वर्षीची वाढ त्यात जिरवता येते, एवढंच.

मावशीला दोन कागद करून द्या. ई-श्रमची, म्हणजे केंद्र सरकारकडे असंघटित कामगार म्हणून नोंद, जी २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे, आणि महाराष्ट्राच्या २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळाची, १८ ते ६० वयाच्या कामगारांसाठी. मंडळाच्या नोंदणीला मालकाचा दाखला मागतात. तो लिहून द्यायला लोक कचरतात, उद्या हक्क सांगेल म्हणून. ती तुमच्याकडे कामाला आहे हे गल्लीला माहीत आहेच. दाखल्याने त्यात भर पडत नाही.

काम संपतं तेव्हा

बाळ तीन वर्षांचं झालं की अंगणवाडी किंवा बालवाडी सुरू होते आणि ४७ तासांचे एकदम १५ होतात. हे एका महिन्यात करू नका. पहिल्या महिन्यात ३५ तास, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात १५, आणि दर वेळी तासाचा दर पाच रुपये चढा. तोवर तिला दुसरं घर मिळतं, बहुतेक वेळा तुमच्याच ओळखीतून.

पूर्ण सुटणार असेल तर शेवटच्या दिवशी हिशेब. त्या महिन्याचे भरलेले तास, न घेतलेल्या रजा दिवसाला ४२५ ने, उचलीतलं राहिलेलं वजा, आणि मागच्या दिवाळीपासून जितके महिने झाले तितके बारांश. दहा महिने भरले असतील तर १०,२०० गुणिले १० भागिले १२, म्हणजे ८,५०० रुपये दिवाळीचे. दिवाळी अजून दोन महिने लांब आहे म्हणून हे बुडवतात. ते त्याच दिवशी द्या, आणि पुढच्या घरी दाखवायला चार ओळी लिहून द्या: किती वर्षं, कोणत्या वयाचं बाळ, रोज किती तास, आणि तुमचा फोन नंबर.